खरबुजाखालचा तडा

ताश्कंद, १४ सप्टेंबर १९९७

इल्होम,

तुझं पत्र पोचलं. सायबेरियातल्या त्या त्यूमेनच्या चिखलाचं तू केलेलं वर्णन वाचून नोदिरा हसली, मग स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ बाहेर आलीच नाही. तेव्हा बायकोला असली पत्रं लिहिताना जरा बेतानं.

घराचे फोटो हवेत म्हणालास, तीन पाठवतेय. या खेपेची रविवारची फेरी मी मुद्दाम तुमच्या बाजूला नेली. माझ्या चित्रकलेच्या वर्गातल्या मुली आणि आमचे एर्गश-अका. जन्मभर घरबांधणीत इंजिनियर होते, आता "बायको घर झाडते तेवढा वेळ बाहेर बरं" म्हणून आमच्यासोबत फिरतात. आम्ही बाल्कन्यांच्या सिमेंटच्या जाळ्या टिपल्या, जिन्यांच्या दारांवरचे तारे टिपले, आणि शेवटी तुमच्या इमारतीची ती बिनखिडकीची भिंत. तिच्यावरचं ते भिंतभर चित्र, खरबुजांची टोपली घेतलेली बाई. उन्हं कलली की तिच्या फरशीच्या तुकड्यांना असा काही रंग चढतो की मुली कॅमेरा खाली ठेवायला तयार होईनात.

आता एक सांगते, हसू नकोस. एप्रिलमध्ये मी हीच भिंत टिपली होती. दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाहिले तर नव्या फोटोत एक रेघ आहे. आधी वाटलं, छापताना केस पडला असेल. धुऊन पुन्हा छापला. केस नव्हे, तडा आहे. तळमजल्याच्या डोक्यावरून निघून टोपलीच्या खालून बाईच्या कोपरापर्यंत.

तळमजल्यावर फर्निचरचं दुकान होतंय हे तुला ठाऊक असेल. तुझा मेहुणा बोतिर काम पाहतो. आतून घणाचे आवाज येतात, मागच्या दारानं विटांचा राडारोडा रोज बाहेर पडतो. मालक कोण म्हणून विचारलं तर म्हणतो, "बाहेरगावचा आहे आपा, मोठी असामी." दुकानाच्या बरोबर दोन मजले वर तुझी बायको-मुलगी राहतात. त्याला लिही, काय पाडतोस ते जरा बघून पाड म्हणावं.

तुझी मोठी बहीण,
मुकद्दस

---

त्यूमेन, ५ ऑक्टोबर

आदरणीय आपा,

सलाम. फोटो मिळाले. खोलीतल्या चौघांनी पाहिले. तातार पोरगा म्हणाला, "अरे, तुमच्याकडे भिंतीसुद्धा पाहुण्यांना खरबूज देतात." बाईचा फोटो मी उशाशी लावलाय.

तड्याचं काही मनावर घेऊ नका. मी रोज तेच काम करतो. उन्हानं तापायचं आणि थंडीनं आखडायचं, गिलावा तडकतोच. फरशीचे तुकडे तर आधी सुटतात. बोतिर गडबड्या असला तरी वेडा नाही, स्वतःच्या बहिणीखालची भिंत तो पाडेल का? ती आतली साधी आडभिंत असणार.

एक विनंती आहे. मुलींना त्या बाजूला नका नेऊ. बांधकामाच्या जागी एखादीच्या डोक्यात वीट पडली तर शाळा तुम्हालाच धरेल. ताश्कंदात टिपायला इमारती काय कमी आहेत? सर्कशीचा घुमट आहे, जुने मदरसे आहेत.

आमची झियोदा गणितात मागे आहे असं नोदिरा लिहिते. जरा कान धरा तिचा.

आपला,
इल्होम

---

ताश्कंद, २६ ऑक्टोबर

इल्होम,

झियोदाचा कान धरायला गेले तर हाती भलतंच आलं. ती निजते ती खोली त्या बिनखिडकीच्या भिंतीला लागून. त्या खोलीचं दार आता लागत नाही. नोदिरानं बोतिरला सांगितलं, तर साहेब रंधा घेऊन आले आणि दाराची कड तासून गेले! दार तासल्यानं भिंत सरळ होते का रे? तू भिंती उभ्या करून पोट भरतोस, तूच सांग.

वरच्या मजल्यावरची कोरियन क्लारा खाला म्हणते, तिच्या लोणच्याच्या बरण्या फळीवर आपोआप एका कडेला सरकतात. तिला वाटलं, घरात कुणी चेटूक केलं.

आज पुन्हा फोटो घेतला. तडा कोपर ओलांडून खांद्याला भिडलाय. एर्गश-अका बराच वेळ मान वर करून पाहत राहिले. म्हणाले, "मुकद्दस, ही विटांची इमारत आहे. इथं खालच्या आडव्या भिंतीही वरचा भार घेतात. त्यातली एक काढली असेल तर तिच्या जागी काय ठेवलंय ते मला पाहायला हवं." खिडक्यांना आतून वर्तमानपत्रं डकवलीत. पण मागचं दार विटा काढायला उघडं असतं, आणि बोतिर रविवारी बाजारात जातो. १६ नोव्हेंबरच्या रविवारी दहाच्या सुमारास आम्ही मागून आत जाणार, छताचे फोटो काढणार आणि इमारत तपासणीच्या कार्यालयात देणार. कुणाला बोलू नकोस. नोदिरालाही मी सांगितलेलं नाही, तिच्या पोटात काही राहत नाही.

मुकद्दस

---

ताश्कंद, १७ नोव्हेंबर

इल्होम,

काल आम्ही गेलो. मागच्या दारात दोन शिपाई आधीच उभे होते. एकानं मला सलाम केला आणि विचारलं, "मुकद्दस आपा तुम्हीच ना? चित्रकलेच्या बाई?"

माझं नाव त्याला ठाऊक होतं, आणि वेळही. बोतिर बाजारात गेला नव्हता, शिपायांच्या मागे दाराच्या चौकटीला टेकून सूर्यफुलाच्या बिया सोलत होता. "आपा," तो म्हणाला, "मदरशांचे फोटो काढा की. पुण्य तरी लागेल." शिपायानं माझा झेनिट कॅमेरा उघडला आणि सगळी फिल्म उजेडात ओढून काढली. माझ्या मुलींसमोर. एक रडायला लागली. एर्गश-अका मध्ये पडले तर त्यांना म्हणाला, "आजोबा, या वयात कशाला?" दुपार कलेपर्यंत मला चौकीत बसवलं. परवानगीशिवाय इमारतींचे फोटो का काढते, कुणासाठी काढते, पैसे कोण देतं. आज शाळेत मुख्याध्यापकांनी दार लावून घेतलं आणि सांगितलं की रविवारच्या फेऱ्या बंद.

फेऱ्या चुलीत जाऊ देत. कालपासून मी एकच हिशेब मांडतेय. एर्गश-अकांना दिवस आणि वेळ मी काल सकाळी बसमध्ये सांगितली. मुलींना तर दारापर्यंत पोचेस्तोवर ठाऊक नव्हतं. लिहिलं होतं एकाच माणसाला.

ते दुकान कुणाचं आहे, इल्होम?

---

त्यूमेन, ३० नोव्हेंबर

आपा,

हे पत्र तीनदा फाडलं.

दुकान माझं आहे. तळमजल्यावरचं घर मी मागच्या हिवाळ्यात घेतलं. नोदिराला ठाऊक नाही. तिला वाटतं, बोतिर दुसऱ्या कुणासाठी राबतो. वसंतात ताश्कंदला उतरायचं, तिचा हात धरून खाली न्यायचं आणि म्हणायचं, हे घे, आता मी कुठं जात नाही. इथल्या थंडीत तेवढ्या एका क्षणावर मी दिवस काढले.

होय, तुमचं पत्र मिळाल्यावर टपाल कचेरीतून बोतिरला फोन मीच केला. तुम्हाला आत येऊ देऊ नको, एवढंच म्हणालो. शिपायांचं त्यानं त्याच्या डोक्यानं केलं. तुम्हाला चौकीत बसवलं हे तुमच्याच पत्रातून कळलं. बोतिरचा त्या दिवशीचा निरोप होता, "सगळं गोडीत मिटलं."

ती भिंत भार घेणारी होती हे मला माहीत होतं. तुम्हाला खोटं लिहिलं. पण आपा, मी तिच्या जागी लोखंडी तुळई घालायला सांगितली होती. जाड, दोन्ही टोकांना भिंतीत खोल शिरलेली. इथं आम्ही रोज अशा तुळया बसवतो, त्यावर पाच-पाच मजले उभे राहतात. ती तुळई असेल तर तडा थांबेल, घर थोडंसं बसलं आणि थांबलं असं होईल. ती आहे की नाही तेवढं कुणीतरी पाहा. मी बोतिरला विचारलं की तो म्हणतो, "छत असं झालंय की सम्राटाला लाज वाटेल." मी छताचं विचारत नाही, तुळईचं विचारतो.

माझ्यावर हवं तेवढं रागवा, पण आधी ते पाहा.

इल्होम

---

ताश्कंद, १४ डिसेंबर

झियोदाच्या बाबांना,

आपांनी तुमचं पत्र मला दिलं. म्हणाल्या, "मी वाचून दाखवणार नाही, तूच वाच." मी वाचलं. मग भांडी घासली. मग पुन्हा वाचलं.

दुकानाची एक किल्ली बोतिरच्या कोटात असते. मंगळवारी तो आमच्याकडे पालोव खायला आला होता. जेवून दिवाणावर आडवा झाला आणि घोरायला लागला. मी किल्ली घेतली, आपांचा कॅमेरा ओढणीखाली घेतला आणि खाली गेले. आपांनी कुठलं बटण दाबायचं ते दाखवलं होतं.

छत खरंच सुंदर आहे. पांढऱ्या जिप्समची नक्षी, वेली, मध्ये मोठं कमळ. तुम्ही मला तिथं आणलं असतंत तर मी रडले असते. जिथं भिंत होती तिथं वरून एक जाड पट्टा गेलाय, त्यावरही नक्षी. मी झाडूच्या दांड्यानं ठोकून पाहिलं. पोकळ वाजलं. मग स्टुलावर चढले आणि हातोडीनं त्या पट्ट्याचं एक टोक फोडलं.

आत फळ्या आहेत. दोन फळ्या उभ्या जोडून खिळे मारलेत. वाकल्यात. मधल्या फटीतून वरच्या मजल्याचं जुनं सिमेंट दिसतं आणि त्यालाही चीर आहे. लोखंड नाही.

फोटो सोबत आहे. वाकडा आलाय, पण दिसतं.

वर आले तेव्हा बोतिर जागा झाला होता. माझ्या केसांत जिप्सम होतं. तो कोट घेऊन गेला. तेव्हापासून काम बंद आहे आणि तोही दिसत नाही.

आम्ही दोघी तपासणीच्या कार्यालयात गेलो. तिथला माणूस म्हणाला, मालकाच्या सहीशिवाय किंवा तक्रारीवर जिन्यावरच्या सगळ्या बिऱ्हाडांच्या सह्या असल्याशिवाय कुणी येणार नाही. आपांनी मग काल एक केलं. एप्रिलपासूनचे भिंतीचे सगळे फोटो अंगणातल्या कपडे वाळवायच्या तारेवर चिमट्यांनी ओळीनं लावले आणि दारं ठोठावून सगळ्यांना खाली बोलावलं. शाळेतल्या मुलींना नेतात तसं त्यांनी आमच्याच इमारतीभोवती आम्हाला फिरवलं. ही इथली चीर, हा सप्टेंबर, हा ऑक्टोबर, आता मान वर करा. क्लारा खाला खाली बसली. पण सह्यांची वेळ आली तेव्हा पुष्कळजण घरात गेले. "या थंडीत आम्हाला बाहेर काढलं तर जायचं कुठं?" म्हणतात. त्यांचंही खोटं नाही.

झियोदाला मी स्वयंपाकघरात निजवते. मालक तुम्ही आहात. काय करायचं ते करा.

नोदिरा

---

तार. त्यूमेनहून, इमारत तपासणी कार्यालय, ताश्कंद. २३ डिसेंबर

तळमजल्यावरील दुकानाचा मालक मी. भार घेणारी भिंत माझ्या सांगण्यावरून पाडली. तुळई घातलेली नाही. वर माणसं राहतात. ताबडतोब तपासणी करा. जबाबदारी माझी. इल्होम युसुपोव.

---

ताश्कंद, ६ जानेवारी १९९८

इल्होम,

तुझ्या तारेनं काम केलं. दुसऱ्याच दिवशी माणसं आली. दुकानात टेकू लावले, आणि तड्यावर जागोजागी काचेच्या छोट्या पट्ट्या जिप्समनं चिकटवल्या, बाहेरून शिडी लावून आणि आत घराघरांतून. काच फुटली तर भिंत अजून हलतेय असं समजायचं. एक झियोदाच्या खोलीत, एक क्लारा खालाकडे. त्या संध्याकाळी कुणी टीव्ही लावला नाही. लोक चहाचे पेले घेऊन काचेसमोर बसले. मी नोदिराकडेच होते. झियोदा म्हणाली, "आत्या, मी तिच्याकडे बघत राहिले तर ती फुटणार नाही ना?"

सकाळी न्याहारीला नान मोडत होतो तेव्हा वरून क्लारा खालाची हाक आली. तिची पट्टी फुटली होती. आम्ही वर धावलो, आणि खाली येऊन पाहतो तर आमचीही.

दुपारपर्यंत अख्खा जिना रिकामा केला. नव्या वर्षाची झाडं सजवून झाली होती. लोकांनी ती तशीच, टांगलेल्या काचेच्या गोळ्यांसकट, खांद्यावर घेऊन उतरवली. गाद्या, कढया, एकाचा पियानो. क्लारा खाला बरण्या हातात धरूनच उतरली, मदतीला कुणाला हात लावू देईना. अर्धे लोक शाळेच्या व्यायामशाळेत आहेत, बाकीचे नातेवाइकांकडे. नोदिरा आणि झियोदा माझ्याकडे. ज्यांनी सही दिली नव्हती ते आता माझ्याशी अदबीनं बोलतात आणि तुझं नाव निघालं की थुंकतात. लपवण्यात अर्थ नाही.

तो कोपरा पाडणार आहेत, भिंतीवरच्या बाईसकट. बाकीचा भाग वाचेल म्हणतात.

आता मुद्द्याचं. बोतिर सापडला, मामाच्या गावी होता. चौकशीत त्यानं लिहून दिलंय की तुळई घातलेली नाही हे तुला ठाऊक होतं. तू तारेत "तुळई घातलेली नाही" असं लिहिलंस, ते नोदिराचा फोटो पाहून, असं मी चौकशीच्या साहेबांना सांगितलं. शपथेवर सांगितलं. आणि खरं सांगायचं तर मला स्वतःला ते माहीत नाही.

तुझ्यावर खटला होईल. तिथं त्यूमेनला तुला न्यायला कुणी येणार नाही, असं एर्गश-अका म्हणतात. दुसरा देश आहे आता तो. मी तुझी मोठी बहीण आहे, तुला तुरुंगात ये असं लिहायला माझा हात धजत नाही. राहायचं असेल तर राहा. पण मला एवढं सांग, बोतिर म्हणतो ते खरं की खोटं?

मुकद्दस

---

त्यूमेन, १९ जानेवारी

आपा,

खरं आहे.

ऑगस्टमध्ये फोनवर तो म्हणाला, "तशी तुळई मिळत नाहीये, महिनाभर थांबावं लागेल. तोवर फळ्या लावून काम पुढं नेऊ का?" माझ्यामागे फोनसाठी रांग होती, कामावर परतायची घाई होती, वसंतापर्यंत दुकान उभं करायचं होतं. मी म्हणालो, "सध्यापुरतं चालेल." नंतर मी त्याला दर वेळी तुळईचं विचारायचो आणि तो दर वेळी छताचं सांगायचा. तो का टाळतो हे मला कळत होतं. आपा, माझ्या हाताखाली कुणी तशा फळ्या लावल्या असत्या तर मी त्याला शिडीवरून खाली ओढला असता.

तुम्ही पाठवलेल्या पहिल्याच फोटोत मला तडा दिसला होता. तुमचं पत्र वाचण्याआधी. तातार पोरगा हसत होता आणि मी फोटो उलटा धरला.

साहेबांना तुम्ही जे शपथेवर सांगितलंत ते मागे घ्या. माझ्यासाठी खोट्या पडू नका.

इथलं काम दहा फेब्रुवारीला सुटतं. तेरा तारखेच्या सकाळच्या गाडीनं पोचेन. स्टेशनवर कुणी येऊ नका. मी सरळ चौकशीच्या कार्यालयात जाईन. नोदिराला काय लिहावं कळत नाही, म्हणून लिहीत नाही.

इल्होम

---

ताश्कंद, ३० जानेवारी

झियोदाच्या बाबांना,

आपांनी पत्र वाचून टेबलावर ठेवलं आणि शाल घेऊन बाहेर गेल्या. मग मी वाचलं. परत आल्या त्या साहेबांना सगळं सांगूनच. डोळे सुजले होते, पण जेवल्या.

तुम्ही लिहिलंय, स्टेशनवर कुणी येऊ नका. मी येणार आहे.

गळ्यात पडायला येत नाही. झियोदाला आणणार नाही. तिला सांगितलंय की बाबा यायचेत, पण आधी त्यांना एक काम आहे. ती विचारते, कसलं काम. मी म्हणाले, तेच तुला सांगतील.

स्टेशनपासून त्या कार्यालयापर्यंत ट्राम जाते, पण आपण चालत जाऊ. वाटेत आपलं अंगण लागतं. कोपरा पाडून झालाय. झियोदाच्या खोलीचा गुलाबी रंग रस्त्यावरून दिसतो आता, तिची वह्यांची फळी अजून भिंतीला तशीच आहे. लोक सामान न्यायला येतात, त्यातलं कुणीतरी भेटेल. तुम्ही सलाम करा. ते घेणार नाहीत. तरी करा, आणि तिथं थोडं उभे राहा. मी बाजूला उभी असेन.

कार्यालयाच्या दारापर्यंत मी येईन, कारण एकटे असलात तर तुम्ही मधल्या एखाद्या गल्लीत वळाल. मी तुम्हाला ओळखते.

पुढचं मला अजून ठरवता आलेलं नाही. तुम्ही विचारूही नका. कोट जाड घाला, यंदा इथंही बर्फ पडलंय.

नोदिरा